उंबरठा, सुईण आणि मानधन

१८५५ साली 'ज्ञानोदय' या पत्रात मांग-महारांच्या दुःखाविषयी एक निबंध छापून आला. लिहिणारी मुक्ता ही जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणारी, चौदा वर्षांची मांगाची मुलगी होती. या निबंधाचा गौरव आज आपण पुष्कळ करतो. आम्हांला धर्म कोणता, हा तिचा सवाल सभासंमेलनांतून ऐकू येतो, आणि तो यायलाच हवा. परंतु त्याच निबंधात तिने बाळंतिणीबद्दल जे लिहिले आहे तिकडे आपले लक्ष क्वचितच जाते. अस्पृश्यांच्या बायका डोक्यावर छप्पर नसताना थंडीपावसात बाळंत होतात, त्यांना बाळंतरोग झाला तर वैद्य आणि औषध कुठून आणायचे, हे तिने विचारले होते. वाचणाऱ्याने स्वतःच्या घरातली बाळंतीण आठवून त्याचे उत्तर द्यावे, अशी तिची अपेक्षा होती. मराठीत माता-बालकांच्या आरोग्याचा इतिहास लिहायचा झाला, तर तो कोणत्या लाटसाहेबाच्या पत्नीने काढलेल्या फंडापासून नव्हे, तर या मुलीच्या प्रश्नापासून सुरू करावा, असे मला वाटते.

कारण या प्रश्नात एक गोष्ट स्पष्ट होती. बाळंतीण मरते ती केवळ अज्ञानाने मरत नाही. ती छप्पर नाही, अन्न नाही, पैसा नाही म्हणून मरते. पुढच्या दीडशे वर्षांत पुण्यापासून पिंपरी-चिंचवड आणि चाकणपर्यंतच्या या पट्ट्यात बाळंतिणीच्या दारात अनेकजण आले. सुईण आली, सोजीर आले, नर्सबाई आली, अंगणवाडीची सेविका आली, आता आशाताई येते. यांतले कोण काय घेऊन आले, कोणाला उंबरठ्याच्या आत घेतले, आणि येणाऱ्या बाईला तिच्या श्रमाचे काय मिळाले, हे पाहिले म्हणजे आपल्या समाजाचा आणि शासनाचा बराचसा स्वभाव कळतो.

आधी सुईणीचे पाहू. महाराष्ट्राच्या पुष्कळ भागांत सुईणपण मातंग स्त्रीकडे असे. कुठे ते महार, कुठे न्हावी स्त्रीकडे असे. गावगाड्याची गंमत अशी की, एरवी जिची सावली चालत नाही तिचे हात बाळंतपणाच्या वेळी घरातल्या अगदी आतल्या खोलीत चालत. याचे कारण सोपे आहे. बाळंतपण हाच विटाळ मानलेला. मग विटाळाचे काम ज्यांच्या माथी मारलेले त्यांनीच ते करावे, हे ओघाने आले. रक्त, वार, नाळ हे सारे तिने निस्तरायचे. सुवेर फिटले की घर सारवून घ्यायचे आणि तिने पुन्हा वेशीबाहेर जायचे. मोबदला म्हणून पायली-दोन पायली धान्य, एखादे लुगडे, खण, पाचवीच्या दिवशीचे वाढलेले. त्याला मजुरी म्हणत नसत. तो 'मान' होता. हा शब्द वाचकाने ध्यानात ठेवावा. पुढे तो पुन्हा भेटणार आहे.

आणि जी दुसऱ्यांच्या लेकीसुना सोडवायला जाई, तिच्या स्वतःच्या वस्तीत काय होते? बेबीताई कांबळे यांनी 'जिणं आमुचं' मध्ये त्याचे जे वर्णन केले आहे ते वाचताना आजही अंगावर काटा येतो. पुरंदर तालुक्यातल्या वीरगावच्या महारवाड्याच्या त्या आठवणी आहेत. बाळंतपणात अडलेल्या कोवळ्या पोरी, सोडवणूक न होता गेलेले त्यांचे जीव, आणि जगली-वाचलीच तर पोटाला काही नाही म्हणून फडके आवळून पडून राहिलेली बाळंतीण. वस्तीतल्या बायका जे करीत त्यात अघोरीपणा होता हे बेबीताई लपवीत नाहीत. पण अघोरीपणाच्या शेजारी उपासमार उभी आहे हेही त्या दाखवतात.

सरकारी आणि सवर्ण सुधारकांच्या लेखनात मात्र या जोडीतले एकच उरते. १८८५ साली लेडी डफरिन यांच्या नावाचा फंड निघाला, १९०३ साली दायांच्या शिक्षणासाठी व्हिक्टोरिया मेमोरियल स्कॉलरशिप फंड निघाला. हेतू वाईट नव्हता. घाणेरड्या हातांनी, गंजल्या पात्याने कापलेल्या नाळेतून धनुर्वात होतो आणि अर्भक पहिल्या आठवड्यातच जाते, हे खरेच होते. पाचवीची रात्र जागवून सटवाईला पुजण्यामागे ही भीतीच असावी; त्या दिवसांत लेकरू जाते हे आयाबायांना पुस्तकाशिवाय ठाऊक होते. पण या सगळ्या लेखनात 'अडाणी, गलिच्छ दाई' हीच मृत्यूचे कारण ठरली. जिला पिढ्यान्‌पिढ्या पाणवठ्यापासून दूर ठेवले तिला अस्वच्छ म्हणायचे, जिला शाळेत येऊ दिले नाही तिला अडाणी म्हणायचे! मुक्ताने विचारलेला छपराचा प्रश्न या फंडांच्या कारभारात कुठे आला नाही.

त्या मानाने फुले दांपत्याची रीत उलटी होती. १८६३ साली त्यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले ते फसवल्या गेलेल्या ब्राह्मण विधवांसाठी, आणि स्वतःच्या घराचा उंबरठा खुला केला. त्यातल्याच एका विधवेच्या, काशीबाईंच्या, मुलाला त्यांनी दत्तक घेतले. तो यशवंत पुढे डॉक्टर झाला. १८९७ साली पुण्यात प्लेग आला तेव्हा त्याने हडपसरजवळ ससाणे मळ्यात रोग्यांसाठी दवाखाना थाटला. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या पांडुरंग बाबाजी गायकवाड या मुलाला प्लेग झाल्याचे कळले, तेव्हा सावित्रीबाईंनी त्याला स्वतः पाठीवर घेऊन दवाखान्यात पोहोचवले. त्या संसर्गाने १० मार्च १८९७ रोजी त्यांचा अंत झाला. त्या वेळी त्या सहासष्ट वर्षांच्या होत्या.

त्याच आठवड्यात पुण्यात दुसरी एक घरभेट सुरू झाली. साथरोगाचा कायदा फेब्रुवारी १८९७ मध्ये झालेलाच होता. प्लेग कमिटीचा अध्यक्ष रँड याच्या हुकमाने गोरे आणि देशी सोजीर घराघरांत शिरू लागले. रोगी हुडकायचे, त्यांना इस्पितळात न्यायचे, आप्तांना वेगळे ठेवायचे, घर धुऊन काढायचे, सामान जाळायचे. रोगाचे शास्त्र त्यात नव्हते असे नाही. माणसाची पत्रास मात्र नव्हती. २२ जून १८९७ च्या रात्री रँडवर गोळी झाडली गेली. झाडणारे चापेकर बंधू चिंचवडचे. चिंचवडला त्यांचे स्मारक आहे आणि शाळेतल्या मुलांना ही कथा पाठ असते. चापेकरांच्या क्रोधात राजकीय चीड होती तशीच धर्म बाटल्याचीही चीड होती, हे दामोदर चापेकरांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. परक्याच्या पावलांनी देवघर बाटते, हा संताप आपल्या लोकांना समजणे जरा कठीण. कारण आपल्या पावलांनी तीच देवघरे शतकानुशतके बाटत आली होती. पण ते असो. मला म्हणायचे ते एवढेच की एका महिन्यात, एकाच साथीत, घरी जाण्याचे दोन नमुने या भूमीने पाहिले. एकाने घर झडतीला घेतले, दुसरीने लेकरू पाठीवर घेतले. आणि इतिहासाच्या पुस्तकांत पहिल्याला प्रकरण मिळाले, दुसरीला बराच काळ एक ओळही मिळाली नाही.

आता कारखान्याकडे वळू, कारण या पट्ट्याचे पुढचे नशीब कारखान्याने घडवले.

२८ जुलै १९२८ रोजी मुंबई कायदेमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूती-लाभाच्या विधेयकावर बाबासाहेब बोलले. बाळंतपणाआधी आणि नंतर स्त्रीला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे. याचा भार मुख्यतः सरकारने उचलायला हवा, तथापि मालकालाही त्यातून सुटका नाही, कारण स्त्रीला कामावर ठेवण्यात त्याचा फायदा असतो म्हणूनच तो तिला ठेवतो, असा त्यांचा युक्तिवाद होता. १९२९ साली मुंबई प्रांतात तो कायदा झाला. या भाषणाचे महत्त्व आपण नीट ओळखले पाहिजे. बाळंतपण ही दयेची बाब नाही, ते श्रमाच्या हिशेबात धरले पाहिजे, हा विचार त्यात आहे. मुक्ताने दुःख सांगितले होते. त्या दुःखाचे देणेकरी कोण, हे बाबासाहेबांनी सांगितले. बाळंतरोगाने अस्पृश्यांच्या बाया मरतात हे सांगणारे अनेक निघाले, पण बिल कोणाच्या नावावर फाडायचे हे सांगणारे थोडे.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९४६ साली, भोर समितीचा अहवाल आला. १९३७ साली या देशात जन्मणाऱ्या दर हजार अर्भकांपैकी १६२ वर्षाच्या आत दगावत होती, आणि दर हजार बाळंतपणांमागे सुमारे वीस माता जात होत्या. या आकड्यांच्या पार्श्वभूमीवर पिंपरीच्या माळावर एक कारखाना उभा राहिला. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स. यूनिसेफने यंत्रे दिली, जागतिक आरोग्य संघटनेने तज्ज्ञ दिले, आणि १९५५ साली पेनिसिलिन निघू लागले. बाळंतरोग म्हणजे बहुतेक वेळा जंतुसंसर्ग. त्याच्यावर पेनिसिलिनसारखे औषध पूर्वी नव्हते. शंभर वर्षांपूर्वी जवळच्याच पुण्यात एका मांगाच्या मुलीने 'औषध कुठून आणायचे' असे विचारले होते. त्याचे उत्तर पिंपरीत बाटलीबंद होऊ लागले, असे म्हणायला हरकत नाही. योगायोग असा की ही कंपनी ज्या तारखेला नोंदली गेली ती १० मार्च, सन १९५४. सावित्रीबाईंच्या मृत्यूची तारीख. योगायोगाला अर्थ नसतो, पण स्मरणाला निमित्त लागते. पुढे नव्वदीच्या दशकात हा सरकारी कारखाना आजारी उद्योगांच्या यादीत गेला, आणि त्याच पट्ट्यात मोटारींचे खासगी कारखाने मात्र भरभराटीला आले.

औद्योगिक विकास महामंडळाने भोसरीला जमिनी घेतल्या, चिंचवड-आकुर्डीला मोटारी आणि स्कूटरचे कारखाने आले. १९७० साली पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी मिळून नगरपालिका झाली, १९८२ साली महानगरपालिका. बहात्तरच्या दुष्काळाने मराठवाड्यातून माणसे निघाली ती मुंबई-पुण्याबरोबर इथेही उतरली. त्यांत आपले लोक मोठ्या संख्येने होते. कारखान्याच्या फाटकाच्या आत ज्यांना जागा मिळाली त्यांना कामगार विम्याचा दवाखाना मिळाला. पण ज्यांनी कारखान्याच्या भिंती बांधल्या, रस्ते खणले, भंगार वेचले, साहेबांच्या घरची भांडी घासली, त्या बायकांचे बाळंतपण कोणत्याच खात्यात बसले नाही. विम्याचे कार्ड नवऱ्याच्या पगारपत्रकाला चिकटलेले. ठेकेदाराने नाव लावले नाही की कार्ड नाही. २०१७ साली कायद्याने नोकरदार स्त्रीची बाळंतपणाची रजा सव्वीस आठवड्यांची झाली. त्याच वर्षी असंघटित स्त्रीसाठी जी योजना आली तिच्यात पहिल्या मुलापुरते पाच हजार रुपये, तेही हप्त्यांनी. बाबासाहेबांनी १९२८ साली सांगितलेला हिशेब फाटकाच्या आत पुढे सरकला. बाहेर तो अजून दयेच्या वहीतच आहे.

याच काळात दारात येणाऱ्या नर्सबाईबद्दल लोकांच्या मनात वेगळीच भीती बसली. लाल त्रिकोण हा तिचा शिक्का झाला. तिला लसीचे जेवढे उद्दिष्ट त्याहून कडक उद्दिष्ट शस्त्रक्रियांचे. १९७६ साली, आणीबाणीत, महाराष्ट्राच्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयक मंजूर केले. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते कायदा झाले नाही. झाले नाही तरी जे व्हायचे ते झाले. मुले मोजायला येणारी बाई ही मुले जगवायला येणारी बाई असू शकते, यावर गरिबांच्या वस्तीचा विश्वास उडाला. रँडच्या सोजिराचे जोडे पुन्हा एकदा वाजले. फक्त पायांत चपला होत्या.

पण त्याच दशकात काही ठिकाणी उलटी पावले पडत होती. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली काम सुरू केले. शिकलेल्या परिचारिका खेड्यात टिकेनात, तेव्हा त्यांनी गावातल्याच अक्षरशून्य बायकांना शिकवले. त्यांत दलित बायका पुष्कळ. दुष्काळात पाण्याच्या विंधणविहिरी घ्यायच्या तर त्या दलित वस्तीत घ्यायच्या, असा आरोळ्यांनी आग्रह धरला. मग पाण्यासाठी सवर्णांना तिकडे यावे लागले. अतिसाराने मरणाऱ्या लेकराच्या आरोग्याचा आणि पाणवठ्याच्या शिवाशिवीचा संबंध महाडच्या तळ्यावर गेलेल्या माणसांना वेगळा समजावून सांगायला नको. चाकणहून पूर्वेला भीमेच्या काठी वढू बुद्रुक आहे. गोविंद गोपाळांच्या समाधीमुळे ते गाव आपल्या सर्वांना ठाऊक आहे. तिथे डॉ. बानू कोयाजी यांनी पुण्याच्या केईएम रुग्णालयामार्फत गावोगावच्या मुलींना आरोग्याचे शिक्षण देऊन दारोदार पाठवले. आणि नव्वदीच्या दशकात गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी एकोणचाळीस गावांत आरोग्यदूत नेमले. घरी जाऊन नवजात बाळाची ऊब, श्वास, दूध, जंतुसंसर्ग पाहणाऱ्या या बायकांमुळे तिसऱ्या वर्षी तिथले नवजात-मृत्यू ६२ टक्क्यांनी खाली आले. १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ते प्रसिद्ध झाले. जिला शंभर वर्षे अडाणी म्हणून हिणवले, तिच्या हाती थर्मामीटर आणि वजनकाटा दिला, तर ती डॉक्टरच्या बरोबरीने जीव वाचवते, हे आता शास्त्राच्या भाषेत सिद्ध झाले होते.

शासनाने यातून काय उचलले? बाई उचलली, आणि तिचा मोबदला मागे ठेवला.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली. अंगणवाडी कुठे बसते, हा आपल्या वस्त्यांत जुना प्रश्न. ती गावच्या मध्यभागी बसली की आमची पोरे तिथवर जात नाहीत, गेली तर वेगळी बसतात. अन्नाच्या हक्काच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००४ आणि २००६ साली अनुसूचित जाती-जमातींच्या वस्त्यांना अंगणवाडीसाठी प्राधान्य द्या, असे सांगितले; म्हणजे तीस वर्षे ते दिले गेले नव्हते. त्या अंगणवाडीतली बाई ही 'सेविका'. तिच्या हाताखालची 'मदतनीस'. २००५ नंतर आली ती 'आशा', तीही 'स्वयंसेविका'. पदनामे नीट पाहावीत. एकीतही कामगार हा शब्द नाही. आणि या बायकांना जे मिळते त्याला वेतन म्हणत नाहीत, 'मानधन' म्हणतात. सुईणीचा तो मान इथे धन होऊन आला आहे, पण मजुरी अजून झालेला नाही. १८६२ साली इंग्लंडात मँचेस्टर-सॅल्फर्डच्या स्त्रियांच्या संस्थेने गरिबांच्या घरी जाण्यासाठी त्याच वर्गातली कष्टकरी बाई नेमली, तेव्हा तिला मेहनताना ठरवून दिला होता. आपल्याकडे मात्र बाईच्या कामाला सेवा म्हटले की पैशाचा विषय काढणारी बाईच हलकी ठरते.

२०२० च्या मार्चमध्ये करोना आला, तेव्हा महाराष्ट्राने तोच १८९७ चा साथरोग कायदा बाहेर काढला. या वेळी दारोदार सोजीर गेले नाहीत. आशा गेल्या, अंगणवाडीच्या बाया गेल्या. सप्टेंबरात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' ही मोहीम निघाली आणि घरोघरी जाऊन माणसांचा ताप आणि प्राणवायू मोजला गेला. रँडच्या कायद्याखाली सावित्रीबाईंचे काम, असे हे विचित्र मिश्रण होते. जून २०२१ मध्ये या आशांना संप करावा लागला. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्यांचा गौरव केला, आणि २०२३ च्या अखेरीस त्या पुन्हा संपावर होत्या. डिसेंबरात अंगणवाडीच्या बायाही उतरल्या. या बायांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे हे सर्वोच्च न्यायालयाला एप्रिल २०२२ मध्ये सांगावे लागले. आपल्या चळवळीतल्या किती जणांनी या संपांच्या मांडवात जाऊन बसण्याची तसदी घेतली, हा प्रश्न मी स्वतःलाही विचारतो. नामांतरासाठी, आरक्षणासाठी आपण रस्त्यावर आलो. बाळंतिणीसाठी आणि तिच्या दारात जाणाऱ्या बाईसाठी आपण फारसे आलो नाही. बाबासाहेबांचे १९२८ चे भाषण आपण ग्रंथात ठेवले.

आता चाकणला जाऊ. एके काळी कांद्याच्या बाजारासाठी ओळखले जाणारे हे गाव. आता भोवतालच्या शिवारांत मोटारींच्या बड्या कंपन्या, आणि त्यांच्या मागच्या बाजूला भाड्याच्या पत्र्याच्या खोल्यांच्या रांगा. मराठवाडा, विदर्भ, बिहार, उत्तर प्रदेश इथली कुटुंबे त्यांत राहतात. ग्रामीण भागात हजार लोकांमागे एक आशा हा हिशेब कागदावर ठीक आहे. पण खोल्यांची रांग गणतीच्या वहीपेक्षा वेगाने वाढते. बाई सातव्या महिन्यात माहेरी जाते, तीन महिन्यांचे बाळ घेऊन परत येते, तोवर खोली बदललेली असते. ठेक्याचे काम संपले की कुटुंबच दुसऱ्या गावाच्या हद्दीत. माता-बाल संरक्षण कार्ड एका जिल्ह्याचे, लस दुसऱ्या जिल्ह्यात. घरी जायचे म्हणजे कोणत्या घरी, इथून आशाताईचे काम सुरू होते.

२०११ पासून देशभर लागू झालेल्या नियमाप्रमाणे दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईकडे तिने तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जायचे. बाळाला झोळीत घालून वजन करायचे, ताप पाहायचा, नाळ पाहायची, दूध पाजताना पाहायचे. या सगळ्या भेटी पूर्ण झाल्या की अडीचशे रुपये. प्रत्येक भेटीत एक तक्ता भरायचा असतो. त्यात सुरुवातीलाच आईबद्दल विचारले आहे की चोवीस तासांत ती पोटभर किती वेळा जेवते. उत्तर चारपेक्षा कमी आले तर आशाने काय करावे, हे शेजारच्या रकान्यात छापलेले आहे. आईला चार वेळा जेवण्याचा सल्ला द्यावा.